राधानगरीचा सडा आणि कुत्र्याचे नख

गुळगुळीत फरशीवरून कुत्रा चालला की त्याच्या नखांचा टकटक आवाज होतो. कोल्हापुरातल्या कितीतरी सदनिकांत हा आवाज आता रोजचा झाला आहे. इतिहासाच्या मापाने मात्र तो अगदी ताजा आहे. माणूस आणि कुत्रा यांची सोबत दहा हजारांहून अधिक वर्षांची. पण त्यातल्या बहुतेक काळात कुत्र्याची नखे कापण्याची गरज फारशी पडली नाही. ते काम जमीन करीत असे. आणि जिथे माणसाने कुत्र्याच्या नखाला मुद्दाम लोखंड लावले, त्या सर्वांत प्रसिद्ध प्रसंगी हेतू कुत्र्याच्या हिताचा नव्हता. राजाचे हरीण वाचवण्याचा होता.

हा धागा त्या नखाच्या इतिहासाचा. सुरुवात राधानगरीपासून, कारण जमीन, शिकार आणि राजाचे राखीव रान या तिन्ही गोष्टी तिथे एकाच ठिकाणी सापडतात.

राधानगरी हे नाव फार जुने नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याचे काम हाती घेतले. त्या परिसरात जे गाव वसवले त्याला आपल्या कन्या राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब महाराज, यांचे नाव दिले. जलाशयाला महाराणींचे, लक्ष्मी तलाव. पैशाअभावी काम मध्येच थांबले आणि धरण पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचे दशक उजाडले. धरणाच्या पलीकडे घाटमाथ्याकडे सरकणारे दाजीपूरचे जंगल हे कोल्हापूर संस्थानाचे राखीव शिकारीचे रान होते.

या जंगलाचे वैशिष्ट्य झाडांइतकेच उघड्या खडकांत आहे. जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे इथे आहेत. लोक त्यांना सडा म्हणतात: सावराईचा सडा, इदरगंजचे पठार. पावसाळ्यात ती इवल्या फुलांनी भरतात आणि उन्हाळ्यात अनवाणी माणसाला एक पाऊल टाकू देत नाहीत. जांभा सच्छिद्र आणि खरखरीत असतो, जवळजवळ कानशीच. अशा जमिनीवर रोज कोसभर चालणाऱ्या कुत्र्याचे नख वाढणार तरी कुठून? गवळी धनगरांच्या म्हशींमागे हिंडणारा राखणीचा कुत्रा असो, की याच रानातला कोळसून म्हणजे रानकुत्रा असो, दोघांची नखे एकाच दगडावर झिजतात.

नख झिजते म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी मांजरकुळाशी तुलना उपयोगी पडते. बिबळ्या किंवा वाघ चालताना नखे आत ओढून घेतो. ती जमिनीला लागत नाहीत, म्हणून टोकदार राहतात. कुत्र्याला ही सोय नाही. त्याची नखे कायम बाहेर असतात, धावताना जमिनीत रुततात आणि पंजाला पकड देतात. वाघाचे नख ही म्यानातली कट्यार, तर कुत्र्याचे नख हा बुटाच्या तळाचा खिळा. (जाता जाता: वाघनख हे शस्त्रही मुठीत लपते आणि ऐन वेळी बाहेर येते. ते घडवणाऱ्याने वाघाचा पंजा नीट पाहिला होता, यात शंका नाही. कुत्र्याच्या नखावरून कोणी शस्त्र केले नाही. खिळ्याचे कौतुक कोण करतो?)

या दोन गटांच्या मधोमध उभा असलेला एक प्राणी कोल्हापूरकरांना चांगला ठाऊक होता: चित्ता. कोल्हापूर दरबारी काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर भावनगर आणि कोल्हापूर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. चित्ता मांजरकुळातला असूनही त्याच्या नखांवर बिबळ्यासारखे पूर्ण आवरण नसते. ती बाहेरच दिसतात आणि कुत्र्याच्या नखांसारखी बोथट होतात. १८२८ मध्ये त्याच्या प्रजातीला जे शास्त्रीय नाव मिळाले, ॲसिनोनिक्स, त्याचा ग्रीक मुळाशी अर्थच ‘न हलणारे नख’ असा होतो. अंगठ्याचे नख मात्र जमिनीला लागत नसल्याने अणकुचीदार राहते, आणि धावत्या हरणाला अडकवून पाडायला चित्ता तेच वापरतो.

अंगठ्याच्या त्या नखाची आठवण ठेवावी. कुत्र्यालाही ते असते, आणि या गोष्टीच्या शेवटी तेच सर्वांत त्रासदायक ठरते.

चित्त्याची शिकार दाजीपूरच्या दाट झाडीत होत नसे. तिला मोकळे माळ लागतात, आणि ते कोल्हापूरच्या पूर्वेला होते. त्याच पूर्वेकडच्या माळांवर धावणारा कुत्रा म्हणजे कारवानी, ज्याला आज जग मुधोळ हाउंड म्हणते. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मोडते. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या संगोपनाला आश्रय दिला आणि इंग्लंडचा बादशहा पंचम जॉर्ज याला त्यांतली एक जोडी भेट दिली. मुधोळचे नाव जातीला चिकटले ते तेव्हापासून. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले. लांब पाय, आत खेचलेले पोट, अरुंद डोके. नजरेने सावज हेरायचे आणि वेगाने गाठायचे, हे तिचे काम. अशा कुत्र्याला नख म्हणजे सर्वस्व. ते मुळातून उखडले की तो लंगडतो आणि शिकारीतून बाद होतो.

दख्खनच्या राजांनी शिकारी कुत्र्यांना किती मान दिला, याची दोन उदाहरणे पुरेत. राष्ट्रकूट सम्राट कृष्ण तिसरा याने तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला, तेव्हा त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग याच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. पराक्रमाचे बक्षीस म्हणून त्याने मागितला तो काळी नावाचा शिकारी कुत्रा. पुढे तो कुत्रा रानडुकराशी झुंजला आणि दोघेही ठार झाले. त्याच्या स्मरणार्थ आतकूर येथे इ.स. ९४९-५० च्या सुमारास कोरीव शिळा उभी राहिली आणि तिच्या पूजेसाठी जमीन नेमून दिली गेली. दुसरे उदाहरण कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथाचे. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ हे कुत्र्यांवरचे स्वतंत्र प्रकरण आहे. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा याच चालुक्यांचे मांडलिक होते.

धर्मशास्त्राने तर प्राण्यांचे वर्गीकरणच नखांवरून केले. ज्यांच्या पंजाला पाच नखे, ते ‘पंचनख’. त्यांतले मोजके पाच सोडून बाकीच्यांचे मांस निषिद्ध. साळिंदर, घोरपड, ससा, गेंडा आणि कासव हे अपवाद. कुत्रा अर्थातच निषिद्धांत. शास्त्रकारांची मोजणी बरोबर आहे, पण पुढच्या पायांपुरती. कुत्र्याला पुढे पाच-पाच आणि मागे बहुधा चार-चार अशी एकूण अठरा नखे असतात. क्वचित मागच्या पायांनाही अंगठा फुटतो आणि संख्या वीस होते. खेड्यापाड्यांत अशा वीस नखांच्या कुत्र्याला अजूनही विशेष मोल येते. तो शूर निघतो असा समज आहे. त्या जादा नखांचा शौर्याशी काही संबंध नाही. ती बऱ्याचदा नुसत्या कातडीला लोंबत असतात आणि काट्याकुट्यांत अडकून फाटतात.

आता एक साधा प्रश्न. नखे आणि खूर यांची निगा राखणारे कसबी लोक आपल्या गावगाड्यात नव्हते काय? होते की. न्हावी नराणीने माणसांची नखे काढी आणि कातडी कापली गेलीच तर तुरटीचा खडा फिरवी. नालबंद घोड्याच्या खुराचा वाढलेला भाग सोलून काढी आणि मग नाल ठोकी. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला दोन छोट्या पत्र्या मारल्या जात. कोल्हापूरच्या गुळाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांना त्याशिवाय पक्क्या सडकेवर निभाव लागत नसे. खूर आणि नख मुळात एकाच पदार्थाचे, केराटिनचे. घोडा आणि बैल यांच्या पायांकडे पाहायला माणूस होता, कारण ते रस्त्यावर राबत आणि रस्ता त्यांचा खूर गरजेपेक्षा जास्त खाई. कुत्र्याच्या नखाची झीज आणि वाढ मात्र आपोआप जुळत असे. त्याला कसबी माणूस लागला नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळे हत्यारही घडले नाही.

युरोपात मात्र ते घडले. हत्यार म्हणजे छिन्नी आणि लाकडी हातोडा.

इंग्लंडच्या नॉर्मन राजांनी प्रचंड प्रदेश ‘फॉरेस्ट’ म्हणून राखून ठेवले होते. फॉरेस्ट म्हणजे केवळ झाडी नव्हे. राजाच्या हरणांसाठी वेगळा कायदा चालणारा मुलूख, ज्यात गावे, शेते आणि माळ सगळे आले. या मुलुखात राहणाऱ्या शेतकऱ्याला राखणीसाठी कुत्रा हवा असे. राजाला भीती ही की तोच कुत्रा हरणामागे धावेल. यावर काढलेली तोड अशी: कुत्रा ठेवा, पण त्याची धाव काढून घ्या. ११८४ मध्ये हेन्री दुसरा याने काढलेल्या वुडस्टॉकच्या आदेशात मोठ्या कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया करण्याचा हुकूम आहे. कायद्याच्या भाषेत तिला कुत्रा ‘कायद्यात आणणे’ म्हणत.

याची सर्वांत तपशीलवार नोंद १२१७ च्या अरण्य-सनदेत सापडते. मॅग्ना कार्टाची ही धाकटी बहीण. ती जाहीर झाली तेव्हा राजा हेन्री तिसरा अवघ्या दहा वर्षांचा होता आणि कारभार विल्यम मार्शल पाहत होता. याच्या पाचेक वर्षे आधी, सुमारे १२१२ मध्ये, इकडे देवगिरीच्या सिंघण यादवाने शिलाहार भोज दुसरा याचा पराभव करून पन्हाळा आणि कोल्हापूर आपल्या राज्यात ओढले होते. काळाचा अंदाज यावा म्हणून एवढे. सनदेच्या सहाव्या कलमानुसार कुत्र्यांची तपासणी दर तीन वर्षांनी व्हायची. ज्याचा कुत्रा ‘कायद्यात’ आणलेला नसेल त्याला तीन शिलिंग दंड. याआधी अधिकारी दंड म्हणून थेट बैल हाकून नेत. ते यापुढे चालणार नाही, असेही तिथेच लिहिले आहे. आणि शस्त्रक्रियेची व्याख्या अशी: पुढच्या पंजाची तीन नखे छाटायची, पण पंजाखालची गादी तशीच ठेवायची.

हे शेवटचे वाक्य लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. कायदा करणाऱ्यांना कुत्र्याचा पंजा नीट माहीत होता. गादी गेली तर कुत्रा चालूच शकणार नाही आणि राखणही करणार नाही. नखे गेली तर तो चालेल, भुंकेल, दारात बसेल. फक्त हरीण गाठण्याइतकी पकड त्याच्या पायांत उरणार नाही. प्रजेला हवा तेवढा कुत्रा प्रजेला, राजाला नको तेवढा कुत्रा छाटून बाजूला. क्रौर्य असे हिशेबी असू शकते.

जॉन मॅनवूड या कायदेपंडिताने १५९८ च्या आपल्या अरण्य-कायद्यावरील ग्रंथात ही कृती वर्णन केली आहे. आठ इंच जाड आणि फूटभर चौरस लाकडी ठोकळ्यावर कुत्र्याचा पुढचा पाय ठेवायचा, दोन इंच रुंद छिन्नी बोटांवर टेकवायची आणि हातोड्याच्या एका घावात तीन नखे उडवायची. म्हणजे छाटले जाई ते नुसते नखाचे टोक नव्हे, त्यासोबत जिवंत भागही. न्यू फॉरेस्टमधील लिंडहर्स्ट या गावी एक भली मोठी रिकीब अजून जपून ठेवली आहे. परंपरा सांगते की तिच्यातून जाण्याइतका लहान कुत्रा असेल तर त्याला या शिक्षेतून सूट मिळे. त्याच्यापासून हरणाला धोका तो काय! अरण्य-सनद औपचारिकपणे रद्द झाली ती थेट १९७१ मध्ये.

दाजीपूरला असा ठोकळा कधी आला नाही. पण राखीव रानाचा मूळ प्रश्न इथेही तोच होता: सावज कोणाचे, आणि त्यामागे धावण्याचा हक्क कोणाच्या कुत्र्याला? संस्थानी काळात त्याचे उत्तर राजाच्या बाजूने होते. संस्थान विलीन झाल्यावर १९५८ मध्ये दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी वन्यजीव अभयारण्य अस्तित्वात आले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याची गणना झाली. दरम्यान १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राजा काय नि रयत काय, सर्वांचीच शिकार बंद केली. आजच्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही, पाठलाग करून धरणे आणि हाकारा घालणेही येते. कारवानीचे पिढीजात काम त्या एका व्याख्येत संपले. नखाला हात न लावता.

याच काळात जमीनही बदलत होती. जुन्या घरात कुत्रा अंगणात, फार तर पडवीत. आतली जमीन शेणाने सारवलेली, बाहेर मुरूम, पलीकडे ढेकळे आणि दगड. मग शहाबादी फरशी आली, पुढे मोझॅक, आणि शेवटी आरशासारख्या गुळगुळीत टाइल्स. कुत्रा उंबरठा ओलांडून आत आला, सोफ्याजवळ बसू लागला, दिवसातून दोन वेळा डांबरी रस्त्यावर पावशेर चालू लागला. नख वाढण्याचा वेग तोच राहिला. झिजण्याचा वेग मात्र जवळपास शून्यावर आला.

वाढलेले नख दिसायला क्षुल्लक वाटते. पण उभ्या कुत्र्याचे नख जमिनीला टेकू लागले की प्रत्येक पावलाला जमीन ते मागे ढकलते आणि बोट वर किंवा बाजूला वळते. कुत्रा मग वजन मागे टाकून उभा राहायला शिकतो. गुळगुळीत फरशीवर घसरतो. म्हातारपणी सांधे दुखत असतील तर जास्तच. अंगठ्याचे नख जमिनीला कधीच लागत नसल्याने गोल वळत वळत थेट कातडीत घुसते. केसाळ कुत्र्यात ते महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा आज कात्री घरातल्या माणसाच्या हाती आली आहे, आणि तिची हद्द मॅनवूडच्या छिन्नीहून फार वेगळी आहे. कुत्र्याच्या नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. त्याच्या पुढचा भाग निर्जीव; तो कापला तर वेदना नाही. गाभ्याला धार लागली तर रक्त येते, आणि कुत्रा तो प्रसंग विसरत नाही. पुढच्या वेळी नुसते हत्यार दिसले तरी पाय मागे घेतो, गुरगुरतो, क्वचित चावतो. एका मिलिमीटरच्या घाईने पुढच्या दहा वर्षांचे काम अवघड होऊन बसते. म्हणून खरी तयारी कापण्याच्या आधीची. पिल्लू असतानाच रोज पंजे हाताळावे, बोटे हलकेच दाबावी, खाऊ द्यावा. हत्यार दोन-चार दिवस नुसते हुंगू द्यावे. मोठा कुत्रा असेल तर हीच पायरी आठवड्यांची होईल. तिला फाटा देऊन चौघांनी मिळून कुत्रा दाबून धरणे म्हणजे पुन्हा तोच लाकडी ठोकळा.

पांढऱ्या नखात गाभा गुलाबी दिसतो. त्याच्या अलीकडे दोन मिलिमीटर थांबायचे, एवढे सोपे. काळ्या नखात काहीच दिसत नाही आणि खरी कसोटी तिथे असते. तिथे एकदम तुकडा पाडायचा नाही. टोकापासून कागदासारखे पातळ काप घ्यायचे आणि दर कापानंतर नखाचा कापलेला पृष्ठभाग उजेडात पाहायचा. सुरुवातीला तो कोरडा आणि पांढुरका, खडूसारखा दिसतो. मध्यभागी गडद, किंचित ओलसर ठिपका दिसू लागला की गाभा जवळ आला. तिथेच हात थांबवायचा. हत्यार कुत्र्यांसाठीचे आणि धारदार असावे. माणसांचा नेलकटर जाड नखाला दोन्ही बाजूंनी चेंगरतो आणि नख उभे चिरते. बोथट हत्यारही तेच करते. ज्यांना धारेची भीती वाटते त्यांनी कानशीने किंवा घासणाऱ्या छोट्या यंत्राने थोडे थोडे घासले तरी चालते. शेवटी सड्यावरचा जांभा तेच करीत होता. यंत्र मात्र एका जागी सेकंदा-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, नख तापते.

अठराही नखे एका बैठकीत झाली पाहिजेत, असा कोणताही नियम नाही. आज एक पंजा, उद्या दुसरा. कुत्रा अस्वस्थ झाला की थांबावे. थांबणे हा पराभव नव्हे.

चुकून रक्त आलेच तर घाबरून ओरडू नये, कारण कुत्रा माणसाच्या आवाजावरून प्रसंगाची किंमत ठरवतो. स्वच्छ कापड नखावर घट्ट दाबून धरावे. रक्त थांबवणारी तयार पावडर मिळते. ती नसेल तर तुरटीची पूड किंवा मक्याचे पीठ नखाच्या टोकाला दाबावे. न्हाव्याच्या धोकटीतली तुरटी अशी शतकानंतर कुत्र्याच्या कामी येते. काही मिनिटांत रक्त थांबते. नंतर तासभर त्याला पळू देऊ नये. पंधरा-वीस मिनिटांनीही थांबले नाही, नख मुळापासून तुटले, किंवा कातडीत घुसले असेल, तर ते घरचे काम नव्हे, पशुवैद्य गाठावा. आणि या झटापटीत कुत्र्याचे नख किंवा दात माणसाला लागून रक्त निघाले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी, कुत्रा घरचा असला तरी.

वर्षानुवर्षे वाढू दिलेल्या नखात गाभाही लांबलेला असतो. ते नख एका दिवसात आखूड करता येत नाही. दर आठ-दहा दिवसांनी जेमतेम टोक उडवत राहिले, तर गाभा हळूहळू मागे सरकतो आणि काही महिन्यांनी नख पुन्हा जमिनीवरून उचलले जाते. पुरेसे झाले की नाही, हे पाहायला कुत्र्याला सपाट जागी उभे करून नखांखालून कागदाचा तुकडा सरकवून पाहावा. कागद अडला तर अजून काम बाकी आहे.

राधानगरी परिसरातल्या कुत्र्यांना याची सर्वांत जास्त गरज कधी पडते, हे तिथला ऋतूच सांगतो. जूनपासून पाऊस सुरू झाला की रस्ते शेवाळतात, फेरफटका बंद होतो, कुत्रा आठवडेच्या आठवडे पडवीत किंवा घरात बसून राहतो, आणि पाण्याने भिजलेल्या मऊ मातीत नख झिजत नाही. लक्ष्मी तलाव काठोकाठ भरून धरणाचे स्वयंचलित दरवाजे एकामागून एक उघडू लागतात, तोवर नखे फरशीला टेकलेली असतात. ती तपासताना पुढच्या पंजाच्या आतल्या बाजूला, जरा वर, केसांत लपलेले अंगठ्याचे नखही पाहावे. तिथपर्यंत सडा कधीच पोहोचत नव्हता.